शुक्रवारी ओतलेली भिंत

आमच्या घरात हॉस्पिटलचा विषय निघाला की सगळे एकदम माझ्याकडे बघतात, आणि लगेच मुद्दाम दुसरीकडे बघतात. पहिल्या बघण्याचं मला काही वाटत नाही, दुसरं मात्र झोंबतं. नवरा पाण्याचा ग्लास उचलतो, जाऊबाई मुलांना ताटातलं संपवायला सांगतात, आणि मी तिथे गुन्हेगारासारखी बसून राहते. म्हणून एकदा काय झालं ते सगळं लिहून काढायचं ठरवलं आहे. वाचून कोणाला माझी कीव आली तर ती त्याने स्वतःजवळच ठेवावी.

मी मूळची ठाण्याची. मुंबईत सिव्हिलचा डिप्लोमा केला, लग्न होऊन तेल अवीवच्या दक्षिणेला अश्केलोनला आले आणि वीसेक वर्षं काँक्रीट तपासणाऱ्या एका लॅबोरेटरीत नोकरी केली. लोक काँक्रीट ओततात, आम्ही त्याचे ठोकळे पाडून प्रेसमध्ये घालतो आणि किती दाबाने फुटतात ते बघतो. सासरची माणसं आमच्यासारखीच मराठी ज्यू, मूळची कोकणातल्या खेड्यातली, मग भायखळ्याची, मग इथली. त्यांना माझ्या नोकरीचं फार हसू यायचं. दगड फोडायला शिक्षण लागतं हे त्यांना नवीन होतं.

सगळ्यात जास्त हसायची ती बाय. बाय म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. सासूबाई लवकर गेल्या तेव्हा तिनेच धाकट्या भावंडांना वाढवलं, त्यापायी स्वतःचं लग्न केलं नाही, आणि इथे आल्यावर एका कारखान्यात बिस्किटांचे पुडे भरत राहिली. ती आमच्याच घरात राहायची. मी कामावरून आले की विचारायची, "काय गो, आज किती बेटोन फोडलास?" बेटोन म्हणजे काँक्रीट. बायचं हिब्रू असं मराठीत बुडवून आलेलं असायचं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे तिच्या छातीत गाठ निघाली. उन्हाळ्यात ऑपरेशन झालं. मग हिवाळाभर औषधं चढवायची आणि वसंतात पेसाहच्या सणाच्या सुमाराला किरणांचा शेक सुरू करायचा, असं डॉक्टरने सांगितलं. शेक घ्यायला रोज जावं लागतं, आठवड्यातले पाच दिवस, कित्येक आठवडे. तेव्हा तेल अवीवच्या बाजूला जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बस बदलत, उन्हातान्हात, आणि बायला तर बसमध्ये चढल्या चढल्या मळमळायचं. आमच्याकडे एकच गाडी, नवरा कारखान्यात पाळीवर, मुलगा सैन्यात.

पण आम्हाला एक आशा होती. आमच्यापासून अर्ध्या तासावर एका हॉस्पिटलात किरणोपचाराचा नवा विभाग बांधला जात होता. गावाचं नाव मी सांगणार नाही. पेसाहच्या आधी तो सुरू होणार होता, आणि त्याच्या भिंतींचं काँक्रीट माझ्या टेबलावर तयार होत होतं. बायने कुपाच्या, म्हणजे आरोग्य विम्याच्या, दवाखान्यात, बाजारात, सिनेगॉगच्या पायरीवर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की माझा शेक माझ्या भावजयीच्या भिंतीआड होणार आहे. आपण रोज घरी जेवायला येऊ शकू एवढंच तिला त्यातून हवं होतं.

त्या भिंतीबद्दल थोडं सांगायलाच हवं, नाहीतर पुढचा माझा संताप कळणार नाही. किरणांचं मशीन रोग्याभोवती फिरतं. त्याचा झोत रोग्याच्या अंगातून निघून समोरच्या भिंतीवर आदळतो, आणि तो तिथेच अडला पाहिजे. साध्या काँक्रीटने तो अडतो, पण मग भिंत माणसाच्या उंचीहून जाड लागते. इथे तेवढी जागा नव्हती. एका बाजूला जुनी इमारत चिकटलेली, दुसऱ्या बाजूला रोग्यांच्या नावनोंदणीची खोली यायची होती. म्हणून भिंत पातळ आणि काँक्रीट जड करायचं ठरलं. त्यात नेहमीच्या खडीऐवजी बराइट नावाचा दगड घालायचा होता. तो जहाजाने हैफा बंदरात उतरला. मुठीएवढा तुकडा उचलला तरी मनगट खाली जायचं. अशा काँक्रीटचं बळ दुय्यम असतं, वजन महत्त्वाचं. वजन जितकं जास्त, तितके किरण अडतात.

आता असा जड दगड पातळ काँक्रीटमध्ये घातला तर काय होईल ते कोणत्याही बाईला सांगावं लागणार नाही. खीर पातळ झाली की काजू तळाला जातात. वर नुसतं सिमेंटचं पाणी आणि खाली सगळे दगड, अशी भिंत वरून गुळगुळीत दिसते आणि आतून निम्मी पोकळ असल्यासारखी वागते. त्यात हा दगड ठिसूळ, मिक्सरमध्ये जास्त वेळ फिरवला की त्याचा भुगा होतो. मी तो सबंध उन्हाळा त्यात घालवला. वाळू बदलली, दगडाचे आकार बदलले, पाणी इतकं कमी केलं की माझा साहेब म्हणाला, हे ओतणार कसं. पण शेवटी जमलं. रोश हाशानाला, म्हणजे नव्या वर्षाला, बाय गव्हाच्या चिकाचा हलवा करायची, नारळाच्या दुधात. कढईत तो घट्ट होत येतो तेव्हा उलथनं उभं राहतं, तसं माझं काँक्रीट व्हायचं. त्यात दगड जागचा हलत नव्हता. मी ठोकळा करवतीने मधोमध चिरून बघायची, वर-खाली सगळीकडे सारखे दगड. मला त्या ठोकळ्याचा अभिमान वाटायचा आणि मी तो लपवत नव्हते.

दोन गोष्टी मी बांधकामाच्या मॅनेजरला पहिल्या दिवशी सांगितल्या होत्या. एक, साइटवर यात पाण्याचा थेंब घालायचा नाही. दोन, एकदा सुरू केलं की भिंत पूर्ण होईपर्यंत थांबायचं नाही. मध्ये थांबलं की खालच्या थरावर सिमेंटची साय धरते, आणि त्यावर दुसऱ्या दिवशी ओतलेला माल खालच्याला कधी चिकटत नाही. तिथे फट राहते, डोळ्यांना न दिसणारी. मॅनेजर म्हणाला, "मोतेक, मी तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून बेटोन ओततोय." मोतेक म्हणजे गोडुली. तो माझ्याहून फार तर पाच वर्षांनी मोठा होता.

ओतायचं ठरलं होतं रविवारी पहाटे. इथे आठवडा रविवारी सुरू होतो, पुढे सलग दिवस मिळतात. बुधवारी त्याचा फोन आला की शुक्रवारी ओतू. रविवारी क्रेन दुसरीकडे जाणार आहे, आणि पुढच्या गुरुवारी वरचे कोणी साहेब बांधकाम बघायला येणार आहेत, त्यांना भिंत उभी दिसली पाहिजे. मी विचारलं, हिवाळ्यातला शुक्रवार आहे हे लक्षात आहे ना? हिवाळ्यात शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, आदल्या संध्याकाळी चार-साडेचारलाच लागतो. दुपारी बारानंतर प्लांटमधून ट्रक सुटत नाही, क्रेनवाला टोपी घालून घरी निघतो, आणि हॉस्पिटलच्या आवारात तर शब्बाथला हातोडासुद्धा वाजवायचा नाही असा करारच होता. जड काँक्रीट पंपाने चढत नाही, ते क्रेनच्या बादलीने थोडं थोडं टाकावं लागतं. ट्रकसुद्धा अर्धाच भरता येतो. ही भिंत अर्ध्या दिवसात व्हायचीच नव्हती. तो म्हणाला, "एकपर्यंत संपवतो. तू घरी जाऊन शब्बाथचा स्वयंपाक कर."

या देशात शब्बाथ कधी लागतो हे शेंबड्या पोराला माहीत असतं. शुक्रवारी दुपारी देश बंद होतो, हे इथे ऋतू बदलण्याइतकं पक्कं आहे. तरी दर शुक्रवारी कोणीतरी असं काही सुरू करतो जे शुक्रवारी संपणार नाही, आणि मग संध्याकाळ जवळ आली की जणू ती अचानक आली असा चेहरा करतो. तो मॅनेजर शब्बाथ पाळणाऱ्यांतलाही नव्हता. शनिवारी तो समुद्रावर जायचा. म्हणजे देवाच्या भीतीने हात थांबला असंही म्हणायची सोय नाही.

त्या शुक्रवारी मी स्वयंपाक बायवर टाकून पहाटेच साइटवर गेले. पहिले ट्रक चांगले होते. माझ्या माणसाने त्यातून ठोकळे भरले. दहा वाजून गेले तरी भिंत गुडघ्याच्या वर आलेली नव्हती, आणि तिथून घाई सुरू झाली. मॅनेजर घड्याळ बघत फिरायला लागला. माल बादलीतून लवकर सुटत नव्हता, साच्यात लवकर पसरत नव्हता. मग मी बघते तर ट्रकचा ड्रायव्हर रबरी पाइप घेऊन ड्रममध्ये पाणी सोडतोय.

मी हिब्रूत ओरडले. त्याने ऐकलं नाही. मग माझ्या तोंडून मराठीत जे बाहेर पडलं ते इथे लिहिण्याजोगं नाही, पण त्याचा पाइप हातातून सुटला. मी तो ट्रक परत पाठवला. तो फाटकातून बाहेर गेला, हॉस्पिटलला वळसा घालून मागच्या फाटकातून आत आला, आणि मी पुढच्या बाजूला असताना त्यातला माल भिंतीत गेला. पुढच्या ट्रकना मी काही करू शकले नाही. मी एकटी होते, ते दहा-बारा जण होते, आणि सगळ्यांना घरी जायचं होतं. व्हायब्रेटर लावून त्यांनी तो पातळ माल इतका घुसळला की दगडांना तळाशी जायचं नसेल तरी जावं लागेल. मी त्याच मालातून दोन ठोकळे भरून घेतले आणि ओल्या गोणपाटाखाली ठेवून दिले.

बारा वाजता काम थांबलं. भिंत छातीइतकी झाली होती. वर प्लास्टिक फेकलं, दोन फळ्या ठेवल्या, झालं. मॅनेजर मला म्हणाला, "शब्बात शालोम, मोतेक." मी माझ्या ठोकळ्यांवरचं गोणपाट पुन्हा ओलं केलं.

रविवारी जी क्रेन मिळणार नव्हती ती मिळाली. खालच्या थरावर साय धरली होती, राखाडी, नखाने निघेल अशी. मी म्हटलं, ही टोचून काढा, आतला दगड उघडा दिसू द्या, मग ओता. त्यांनी पाण्याचा फवारा मारला आणि वर ओतलं. गुरुवारी ते वरचे साहेब येऊन गेले. साचे निघाले तेव्हा भिंत इतकी सुरेख दिसत होती की लोक तिच्यावरून हात फिरवत होते.

मी लॅबोरेटरीत माझ्या साहेबाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, ठोकळ्यांची वाट बघू. ठोकळे पास झाले. होणारच होते, ते पहिल्या चांगल्या ट्रकचे होते. आणि दुसरं म्हणजे ठोकळा किती दाबाने फुटतो हे आम्ही बघत होतो. ही भिंत काही डोक्यावर इमारत उचलायला बांधली नव्हती. पण या धंद्यात एकच आकडा लोकांच्या अंगात भिनलेला आहे, बळाचा. बळ आलं की काँक्रीट चांगलं. वजन कोणी विचारत नाही. मी म्हटलं, भिंतीतून नमुने काढू. साहेब म्हणाला, "आपलं काम पास-नापास सांगायचं. किरणांचं काम हॉस्पिटलचा फिजिसिस्ट बघेल. मशीन बसलं की तो मोजेल, गळालं तर पोलादाची प्लेट ठोकतील." मी विचारलं, मशीन बसल्यावर भिंत तोडायची वेळ आली तर? तो म्हणाला, "तशी वेळ येणार नाही."

तेव्हा मी स्वतःच त्या फिजिसिस्टला बोलावलं. रशियातून आलेला, शांत माणूस. मी गोणपाटाखालचा एक ठोकळा त्याच्यासमोर करवतीने उभा चिरला. खालच्या भागात दगड खच्चून भरलेले, वरचा तीन बोटं थर नुसता सिमेंट-वाळूचा. मी वरचा तुकडा त्याच्या एका हातात दिला, खालचा दुसऱ्या हातात. त्याने दोन्ही हात खाली-वर केले. मग विचारलं, "शुक्रवारी काम थांबलं ते किती उंचीवर?" मी माझ्या छातीवर हात ठेवून दाखवला. मशीनचा आडवा झोत जवळजवळ त्याच उंचीवरून भिंतीवर येतो.

त्याने भिंतीतून नमुने काढायचा आदेश दिला. मॅनेजरने सगळ्यांसमोर विचारलं, "किरण अडवायच्या भिंतीला बाईंना भोकं पाडायची आहेत?" लोक हसले. माझा साहेबही हसला. ड्रिलने भिंतीतून काँक्रीटची जाड कांडी बाहेर काढली, आणि ती छातीच्या उंचीवरची कांडी माझ्या हातात दोन तुकडे होऊन आली. तुटली नव्हती, मुळात जोडलेलीच नव्हती. मधल्या सांध्यावर अजून ती साय होती, बोटाला भुकटी लागत होती. तेव्हा कोणी हसलं नाही, पण कोणी माझ्याकडे बघितलंही नाही.

मधली आणि वरची भिंत तोडायचं ठरलं. जड काँक्रीट तोडणं म्हणजे आठवड्यांचं काम, शिवाय दगड पुन्हा मागवायचा. विभाग पेसाहला सुरू होणार होता तो सुक्कोतनंतर, म्हणजे वसंतातून शरदात गेला. आणि बायचा शेक थांबू शकत नव्हता.

मी हे घरी शुक्रवारच्याच जेवणावर सांगितलं. लपवलं असतं तर सोमवारी बाजारात कळलंच असतं. नवरा हातातली पोळी खाली ठेवून म्हणाला, "भिंत उभी आहे ना? मग?" मी समजावलं. तो म्हणाला, "थोडे किरण गळले तर गळले. आत माणसं पैसे देऊन किरण घेतायत." मुलगा सुट्टीवर आलेला होता. मी आवाज चढवला तसा तो हिब्रूत म्हणाला, "इमा, दाय." आई, पुरे. बाय तिच्या ताटातले माशाचे काटे वेगळे करत राहिली.

नवऱ्याच्या त्या वाक्याचा राग मला आजही येतो, कारण ते इतकं सोपं आहे. रोगी आत येतो, शेक घेतो, काही आठवड्यांनी निघून जातो, आणि त्यातून त्याचा फायदा होतो. भिंतीपलीकडे नावनोंदणीच्या टेबलाशी जी बसणार होती ती रोज बसणार होती, वर्षानुवर्षं, छाती बरोबर त्या सांध्यासमोर. तिला आजार नव्हता, तिला फायदा नव्हता आणि तिला कोणी विचारलंही नव्हतं. तिची अजून नेमणूकसुद्धा झालेली नव्हती. घरात मला सगळे विचारायचे, जी बाई अजून नाहीच तिच्यासाठी तू आपल्या बायला बसमध्ये घालतेस? मी म्हणायचे, बायला बसमध्ये मी घातलं नाही, शुक्रवारी ओतणाऱ्याने घातलं. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं की शेवटी ते खोटं असल्यासारखं ऐकू यायला लागलं.

पेसाहनंतर बायचा शेक तेल अवीवच्या बाजूला सुरू झाला. कुपा टॅक्सी द्यायची, पण ती आणखी तिघा रोग्यांना गोळा करत फिरायची आणि शेवटच्याचा शेक होईपर्यंत सगळ्यांना थांबायला लागायचं. बाय दोनदा त्यात ओकली आणि मग लाजेने त्यात बसेनाशी झाली. आठवड्यातले दोन दिवस मी रजा टाकून तिला गाडीने न्यायचे, बाकीचे दिवस ती बसने जायची. रजा मागायला आता सोपं होतं. साहेबाने मला बेटोनवरून काढून रस्त्याखालच्या मुरमाच्या तपासणीवर टाकलं होतं, आणि मुरुम कोणी घाईने मागत नाही.

एकदा परतीच्या वाटेवर गाडी थांबवून ती रस्त्याच्या कडेला ओकली. मी पाठ चोळत होते. तोंड पुसून ती म्हणाली, "तुज्या भिंतीपायी माजी आतडी बाहेर आली." मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला, तिचा नव्हे. पण आजूबाजूला दुसरं कोणीच नव्हतं, म्हणून मी गाडीचं दार आपटून लावलं.

आणि आठवड्याभराने, त्याच रस्त्यावर, तिने आपण होऊन विचारलं, "त्या भिंतीपाठी कोण बसणार गो?"

"नाव लिहून घेणारी कोणीतरी मुलगी."

"लग्नाची?"

"कोण जाणे, बाय. अजून ठेवलेली नाही."

ती खिडकीतून संत्र्यांच्या बागा बघत होती. मग म्हणाली, "पोरंबाळं व्हायची असतील तिला. नीट बांधा मग. घाई नको करू माज्यासाठी."

हे ऐकायला गाडीत मीच होते. मी घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तुला बरं वाटावं म्हणून म्हणाली असेल." नंतरही ज्याला ज्याला सांगितलं त्याने हेच म्हटलं. बायने आयुष्यात कोणाला बरं वाटावं म्हणून काही म्हटल्याचं मला आठवत नाही. लग्नात माझ्या आईला तोंडावर सांगितलं होतं तिने, की मुलगी काळी आहे पण चालेल.

निम्म्याहून थोडा जास्त शेक झाला आणि तिने जायचं थांबवलं. एका सकाळी चपला घातल्याच नाहीत. पलंगावर बसून म्हणाली, "आता पुरे. तुम्हा सगळ्यांचा दिवस खाते मी." मी ओरडले, नवरा रडला, कुपाची नर्स येऊन गेली. बाय बधली नाही. जवळच्या विभागात ती गेली असती का? मला वाटतं, गेली असती. सकाळी जाऊन दुपारी घरी जेवायला येता आलं असतं तर तिने शेवटपर्यंत पूर्ण केला असता. हे मी कबूल करते, कारण ते खरं आहे. त्या विभागाला उशीर झाला नसता तर तिचा उपचार पुरा झाला असता. पण उशीर माझ्यामुळे झाला नाही.

विभाग सुक्कोतनंतर उघडला. भिंत या वेळी रविवारी पहाटे सुरू करून सलग ओतली, माझ्याच मिश्रणाने, पण मला बोलावलं नव्हतं. फिजिसिस्टने फोन करून सांगितलं की भिंतीपलीकडे त्याच्या यंत्राला काही लागत नाही, निसर्गात कुठेही असतं तेवढंच. मी आभार मानले. उद्घाटनाला लॅबोरेटरीतर्फे सगळ्यांना जोडीने बोलावणं होतं म्हणून आम्ही गेलो. दालनात बांधणाऱ्या कंपनीच्या नावाची पितळी पाटी लागली होती. तो मॅनेजर सूट घालून आला होता. त्याने माझ्या नवऱ्यापुढे हात केला आणि माझ्या नवऱ्याने तो घेतला. वर म्हणाला, इमारत फार सुंदर झाली आहे. मी घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलले नाही, आणि नवऱ्याला कळेना की आज नवीन काय झालं.

टेबलाशी बसणारी मुलगी मी त्या दिवशी पाहिली. केस वर बांधलेले, च्युइंगम चघळत होती, भिंतीला पाठ टेकवून फोनवर कोणाशी तरी भांडत होती. मला तिच्याबद्दल काही विशेष वाटलं नाही. तिला काही वाटायचं तर कारणच नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात बायचा आजार हाडात गेला, आणि त्यातच ती गेली. शेक पुरा झाला असता तर वाचली असती का, हे डॉक्टरला नवऱ्याने विचारलं. डॉक्टर म्हणाला, असं कोणीच सांगू शकत नाही. आमच्या घरच्यांनी मात्र ते सांगून टाकलं. सात दिवसांच्या सुतकात जमिनीवर बसून बायका हळू आवाजात म्हणत होत्या, शेक जवळ झाला असता तर बरं झालं असतं, आणि मी चहाचा ट्रे घेऊन आले की गप्प होत होत्या. मी त्यांना म्हटलं, माझ्यासमोर बोला. त्या म्हणाल्या, अगं, तुला कुठे काय म्हटलं?

बायच्या वर्षाची प्रार्थना झाली तेव्हा घर भरलं होतं. जेवणं आटोपल्यावर माझे चुलत सासरे, घरातले सगळ्यात वडील, मला हाक मारून सर्वांसमोर म्हणाले, "सूनबाई, बस इथे. जे झालं ते झालं. तू मुद्दाम काही केलं नाहीस हे आम्हाला ठाऊक आहे. आमच्या कोणाच्या मनात आता काही नाही. आम्ही तुला माफ केलंय. तूही मनातून काढून टाक." सगळ्यांनी माना हलवल्या. जाऊबाईंनी डोळ्याला पदर लावला. नवऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्याला खरंच हायसं वाटलं होतं, हे मला त्या हातावरून कळलं.

मी म्हटलं, "मी माफी मागितली नव्हती." चुलत सासरे म्हणाले, "मागायला कशाला हवी? घरचीच माणसं आपण." मी विचारलं, "आणि त्याला? शुक्रवारी ओतणाऱ्याला?" ते गोंधळले. कोण, असं त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं. नवरा म्हणाला, जाऊ दे काका, जुनी गोष्ट. त्या खोलीत वीस-पंचवीस माणसं बसली होती आणि त्यातल्या एकालाही मी कोणाबद्दल बोलतेय ते कळलं नव्हतं. त्याला माफ करायची वेळ कोणावर आलीच नाही, कारण त्याच्यावर कधी कोणी रागावलंच नव्हतं.